झाकणं

रविवार. साहेब म्हणाले, पाहुण्यांना जरा गाव दाखव.
मी कागदावर यादी केली: देऊळ, तळं, राजवाडा, कुस्तीचं मैदान.
होरिउची-सान यांनी ती दोन्ही हातांनी घेतली,
मराठी येत असल्यासारखी शेवटपर्यंत पाहिली,
घडी घालून खिशात ठेवली
आणि खाली बोट दाखवलं.
गटाराच्या झाकणाकडे.

त्यांच्याकडे म्हणे झाकणांवर फुलं ओततात, मासे, किल्ले;
माणसं सुट्टी काढून बघायला जातात.
आमच्याकडे पडायला जातात, मी म्हटलं.
मोबाइलनं त्याचं जपानी काय केलं कोण जाणे,
पुढची अर्धी पेठ ते गंभीर होते.

तर असं आम्ही कोल्हापूर पाहिलं, मान खाली घालून.

गंगावेशीत म्हशी धारेला उभ्या.
एकीच्या खुरापाशी हा माणूस गुडघ्यांवर बसला,
कोटातून दात घासायचा ब्रश काढला
आणि लोखंडातल्या फटीतलं शेण हलकेच कोरायला लागला.
गवळी म्हणाला, "काय सांडलंय व्हय पाव्हण्याचं?"
"झाकण बघत्यात."
त्यानं क्षणभर विचार केला,
म्हैस दोन पावलं सरकवली.
"बघूद्यात की."
आणि फेसाचा ग्लास पुढं केला.

पापाच्या तिकटीला चपलांच्या ओळीसमोर
एक झाकण तळहातासारखं गुळगुळीत.
लोखंड चामड्यानं झिजतं का, त्यांनी विचारलं.
मी आठ वर्षं फौंड्रीत तपासणीला आहे,
मला उत्तर आलं नाही.

तोवर मागं पोरं लागलेली.
"काका, हिकडं एक हाय!" "ह्ये बघा, फुटकं!"
एका बोळात झाकण भंगारात गेलेलं,
जागेवर शहाबादी फरशी, तिच्यात रोवलेली काठी,
काठीला लाल पोलकं.
होरिउची-सान त्या काठीपुढं वाकले.
पोरंही वाकली.

शुक्रवार पेठेत, पुराचा गाळ अजून भिंतींना धरून आहे तिथं,
हातगाडीच्या चाकाखाली ते निघालं:
को. न. पा.
यातला न उलटा. आरशातला.

आमच्या घरात ही गोष्ट लग्नाकार्यात निघते.
चुलते सांगतात, अब्बा तेव्हा सोळा वर्षांचे,
उद्यमनगरात लाकडी पॅटर्न कोरायला नुकतेच लागलेले.
वाळूत ठसा उलटा उमटतो एवढं ऐकलेलं,
ओतल्यावर तो पुन्हा सुलटा होतो हे राहिलं.
पहिलं अक्षर उस्तादानं कोरून दिलेलं,
दुसरं यांनी अक्कल लावून उलटं कोरलं.
चाळीस झाकणं ओतून झाल्यावर कानफटात बसली.
गोष्ट इथवर आली की अब्बा हात धुवायला उठतात.
कबूल कधी केलं नाही.

होरिउची-सान यांनी कागद मागितला. नव्हता.
मग खिशातली माझी यादी काढली, पालथी घातली,
वर पेन्सिल आडवी धरून घासत राहिले.
काळ्यातून अक्षरं वर आली,
आणि कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे.
मी तो उन्हात धरला, यादीच्या बाजूनं.
देवळावर, तळ्यावर सगळं उलटं दिसत होतं,
फक्त न बरोबर.

अब्बांना फोन लावला.
"सापडलं."
पलीकडचा टीव्ही बंद झाला.
"काय?"
"शुक्रवारातलं. न वालं."
बराच वेळ काही नाही.
मग, "पाव्हणा काय म्हणाला?"
"अजून काही नाही."
"ओतकाम कसं हाय, इचार."

विचारलं. त्यांनी माझा फोन घेतला,
झाकणाजवळ धरला
आणि खोलीच्या किल्लीनं लोखंडावर
तीनदा ठोकलं, थांबून थांबून.
पोरंसुद्धा गप्प.

"आवाज बरा हाय," अब्बा म्हणाले.
"पर बसलं न्हाई नीट. एका अंगाला खडा हाय खाली.
काढ म्हणावं."