सिस्टम अद्ययावत आहे

दुपारी अडीचला उद्यमबागेत
हलगेकरबाईंची गाडी येते.
बारा वर्षांची, राखाडी,
डॅशबोर्डात सात इंची काच.
काचेवर गावाचं स्पेलिंग अजून जुनंच.
सीमाप्रश्नात तिची बाजू कुठलीच नाही,
तिला फक्त अपडेट मिळालेला नाही.

'सॉफ्टवेअर तपासा'वर बोट ठेवतो.
चक्र फिरतं. फिरतंच.
मग अक्षरं उमटतात: सिस्टम अद्ययावत आहे.

खोटं तरी कसं म्हणू?
काच करणाऱ्यांनी तो धंदाच विकला, सर्व्हर बंद.
ही बिचारी दारात उभी राहून हाक मारते,
आत कुणी नाही,
म्हणून 'नाही' म्हणायलाही कुणी नाही.

"काय झालंय बाई?"
"परवा गोगटे सर्कलला सिग्नलला थांबलेली.
गाडीच बोलायला लागली की वो!
कुणीतरी म्हातारी.
'ऊट आतेनप्पा?' म्हणते."
"मग?"
"मग काय. 'आतव्वा' म्हटलं."

(त्रेसष्ट वर्षांच्या बाई.
नंदगडच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.)

"ती गप्प झाली. मग म्हणाली, 'यारवा नी?'
तेवढ्यात सिग्नल सुटला."

शेजारच्या टेम्पोतल्या पोराचा फोन असणार.
आईला लावलेला, येऊन चिकटला इथं.
चार शून्यांची किल्ली,
ती बदलत नाही, आणि ही काच
कुणाला नाव-गाव विचारत नाही.
भोक जुनं आहे. ठिगळही निघालंय,
पण नव्या मॉडेलांच्या मापाचं.

"म्हणजे माझं बोलणंही कोण ऐकत असेल?"
"दहा मीटरच्या आत असलं तर, ऐकू शकतं."
बाई सीटकडे बघतात.
"मी ह्यात बसून जावेला काय काय बोललेय रे."
इराप्पा पाना टाकून हसत सुटतो.

सांगतो: ब्लूटूथ बंद ठेवा,
आतले सहाशे नंबर पुसू,
नाहीतर कॅम्पात नवी काच मिळते, नऊ हजार,
तीही चार वर्षांनी अशीच म्हातारी होईल.

जोडलेल्या फोनांची यादी उघडतो.
बाईंचा. त्यांच्या भाच्याचा.
तिसरा: सिद्रामप्पा.
'हे उपकरण काढायचं?' काच विचारते,
आयुष्यात पहिल्यांदाच विचारते काहीतरी.
बाई म्हणतात, "थांब."
मी थांबतो.
बाहेर लेथचा आवाज, कुठंतरी वेल्डिंगचा वास.
"काढ," म्हणतात. "जेवला असेल आता."

दीडशे होतात. शंभर घेतो.

गाडी तिसऱ्या गेटच्या पुलावर चढते.
नकाशाला तो पूल माहीत नाही.
बाई वरून निघून जातील,
निळा बाण खाली रुळांपाशी
फाटक उघडायची वाट बघत.