अहवाल, माहे डिसेंबर

महिना सरला की मी तक्ता आखतो.
खताच्या दुकानावर आमचं ऑफिस;
युरियाचा वास कागदालाही लागतो,
दिल्लीत कुणी आमची फाईल हुंगली
तर उदगीर ओळखेल.

लग्नं अकरा. दहावे-तेरावे नऊ.
एका तेराव्याला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो,
कुणी काही बोललं नाही, पाट मांडले.
शिफारसपत्रं दोनशे छप्पन्न;
त्यातली कलेक्टरनं उघडली किती,
त्याला रकाना नाही.
भूमिपूजन एक. कोनशिलेवर आमचं नाव
'प्रमुख उपस्थिती'च्याही खाली,
जिथं पुढच्या साली गवत येतं.
साहेब म्हणाले, गवत तर आपल्याच बाजूचं आहे की.

साहेब म्हणजे मन्मथ बिराजदार,
विरोधी बाक, मागून दुसरी रांग.
टीव्हीत फक्त डावा खांदा दिसतो.
त्यांची आई शेजारणींना बोलावून दाखवते,
तो बगा, तो खांदा आमचा.

प्रश्न टाकले वीस. चिठ्ठीत निघाले दोन.
माळतांड्याचं रेल्वे फाटक बुजवलं,
खालून भुयारी मार्ग काढला,
दिवाळी झाली तरी त्यात झऱ्याचं पाणी उभं,
लेकरं दप्तर डोक्यावर घेऊन शाळेला.
उत्तर आलं, दीड ओळीचं:
(अ) नाही.
(ब) व (क) प्रश्न उद्भवत नाही.

मी ते ड्रायव्हर गौसभाईला वाचून दाखवलं.
गौसभाई काच पुसत होते.
"कंबरेइतका उद्भवलाय की हो," म्हणाले,
आणि पुन्हा काच पुसू लागले.

तांड्यावरच्या कावेरी आडेनं, इयत्ता सातवी,
वेळूला शाळेची पट्टी बांधून
रोज पाणी मोजलं होतं.
चौरेघी वही, समासात वार,
कडेला कधी बेडूक, कधी नुसतीच रेघ.
ती वही आम्ही उसनी मागितली.
तिनं पोचपावती मागितली. दिली.

त्या आठवड्यात साहेब दोनदा हौदात उतरले.
सभागृहाच्या हौदात पाणी नसतं,
चपला कोरड्याच राहतात.
मग शुक्रवारी शून्य प्रहरात नाव पुकारलं.
साहेबांनी भाषण केलंच नाही,
वहीच वाचली:
सोमवार, दोन फूट चार इंच.
मंगळवार, दोन फूट एक इंच.
बुधवार, शाळेला गेले नाही, तरी मोजलं, तीन फूट.
गुरुवार
इथं माईक बंद झाला.
ओठ हलत राहिले बराच वेळ.

रविवारी तांड्यावर गेलो.
लिंबाखाली मोबाईल उभा केला, सगळे वाकले.
मला वाटलं टाळ्या पडतील.
कुणी बिडी विझवली, कुणी म्हणालं, आवाज वाढवा,
मी म्हटलं, आवाज तेवढाच आहे.
तेव्हा कावेरी पुढं आली, वही हातात घेतली,
साहेबांच्या नाकासमोर धरली.
"मंगळवारचं चुकलं तुमचं.
हे एक न्हाई, नऊ हाय.
माझा नऊ असाच येतो."

साहेबांनी चष्मा चढवला. खरंच नऊ होता.
एरवी सत्तावीस वर्षांच्या राजकारणात
मी त्यांना हसताना पाहिलंय, चिडताना पाहिलंय,
कान लाल झालेले पहिल्यांदा पाहिले.

रात्री अकराला ऑफिस उघडायला लावलं.
खालच्या दुकानाचं शटर, कुत्री, थंडी.
उभ्या उभ्या सांगत गेले, मी टाईप करत गेलो:
महोदय, सभागृहात मी दिलेल्या माहितीत
मंगळवारचा आकडा आठ इंचांनी कमी होता.
कृपया कामकाजात तशी दुरुस्ती व्हावी.
खाली सही. नेहमीपेक्षा सुटी सुटी,
अक्षर न अक्षर वाचता येईल अशी.

आता तक्ता पुरा करायला बसलोय.
याला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिलं: आठ इंच.
डिझेलची एक पावती सापडत नाही.