आठ आठवडे जमिनीत

पहिल्याच सोमवारी हार्लन डाइक्स्ट्रानं
आम्हा चोवीस जणांना
एकेक पांढरी चड्डी वाटली.
कोरी. पुरुषी. शंभर टक्के सुती.

टेकबहादूर घर्तीनं ती टोपीसारखी घालून पाहिली,
रंगपूरच्या मोर्शेदानं ओढणी तोंडावर घेतली,
आणि मी, दिग्रसची कृषी सहायक,
टीए-डीएच्या फायलीसकट एवढ्या लांब आलेली,
एम्स गावाबाहेर, आयोवाच्या उन्हात
चड्डी हातात धरून उभी.

"पुरा," हार्लन म्हणाला. "वीतभर खोल.
बारा या शेतात, बारा रस्त्यापलीकडे."
या शेतात अकरा वर्षं नांगर नाही,
राईच्या पेंढ्यातूनच मका वर आलेला.
पलीकडचं दरसाल नांगरून
पिठासारखं मऊ, दिसायला देखणं.

कापसाचं मला कुणी सांगू नये.
सरकी, पाती, बोंड, फरदड,
अळीसाठी टांगलेले कामगंध सापळे,
सगळं नोंदवहीत आहे माझ्या अक्षरात.
पण शिवून तयार झालेला कापूस
पेरताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मग वर्ग. ड्रोन. नकाशे. थंडगार खोलीत स्लाइडी.
एकदा खड्ड्यात उतरून हार्लननं हात मातीला टेकवला:
"आजोबांच्या वेळी काळा थर इथवर," कोपर दाखवलं.
"आता इथवर." मनगट.
घड्याळ होतं तिथं.

चौथ्या आठवड्यात सेन्सर आला, करंगळीएवढा.
त्यानं सांगितलं: सत्तावीस.
तुमच्याकडे कसं ओळखता, हार्लननं विचारलं.
मी मूठभर माती घेतली, वळली,
कमरेच्या उंचीवरून सोडली.
फुटली.
"वाफसा," मी म्हणाले.
त्याला त्याच्या भाषेत शब्द सापडेना.
फळ्यावर लिहून घेतला,
आणि तिथून पुढे रोज सकाळी
सत्तरीचा तो माणूस बुटानं ढेकूळ दाबत
आम्हा सगळ्यांना विचारायचा,
"वापसा? नो वापसा?"
लाओसची बुनमी ठसक्यात उत्तर द्यायची, "नो वापसा."
मी उच्चार दुरुस्त करणं सोडून दिलं.

ऑगस्ट संपताना खणलं.

पलीकडची चड्डी निघाली मळकी, पण अख्खी.
धुतली तर कुणीही घालावी.
इकडच्या वाफ्यात खुरपं लागलं
ते नुसत्या इलॅस्टिकला.
बाकी सगळं खाऊन झालेलं.
हार्लन पोरासारखा हसला, फोटो काढत सुटला.
पट्टीला एक लेबल चिकटून होतं, अजून वाचता येणारं:
मेड इन बांगलादेश.

मोर्शेदा हसली नाही.
"गाझीपूर," म्हणाली. "माझी बहीण
इलॅस्टिकच्याच लाइनवर बसते."
तिनं अंगठा शिवणीवरून फिरवला,
सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
कापड मातीनं संपवलं होतं,
टाका मात्र तिला उसवता आला नव्हता.
बहिणीचाच असेल असं नाही.
कापूसही आमच्याच तालुक्यातला असेल असं नाही,
कापूस कुणी वेचला ते लेबलवर लिहीत नाहीत.
तरी आम्ही दोघी ती पट्टी
बराच वेळ दोन्हीकडून धरून उभ्या राहिलो.

शेवटी तिनं ती मलाच दिली.

माती विमानातून नेता येत नाही.
म्हणून आज वसतिगृहाच्या बेसिनमध्ये
टूथब्रशनं घासतेय एकेक टाका.
काळं पाणी गोल फिरून खाली जातंय,
मनगटाच्या हिशेबातलंच तेही.
हार्लनला हे सांगणार नाही.

प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय, ते राहू दे.
पुढच्या खरिपात आमच्या शिवारात
हाच प्रयोग करायचा असं लिहून दिलंय मी, सहीनिशी.
फक्त दिग्रसच्या बाजारात, ओळखीच्या दुकानात,
एका बाईनं चोवीस पुरुषी चड्ड्या
एकदम मागायच्या कशा,
हे आठ आठवड्यांत
कुठल्याच स्लाइडवर आलं नाही.