कारण

रजेच्या अर्जावर टिंबटिंबांची एक ओळ असते : कारण.
नऊ वर्षं मी तिथं ‘ताप’ लिहिला.
जिंतूर डेपोतले कंठाळे क्लार्क एकदा म्हणाले,
‘बाई, तुमचा ताप कॅलेंडर बघून येतो का?’
सगळे हसले. मीही हसले.
खाली डावीकडं कुणीतरी
ओलं फडकं पिळत होतं.

चारठाण्याच्या गचक्यांना दाताखाली रुमाल.
उभ्यानं मशीन दाबायचं, सुट्टे मोजायचे.
संडासला बसलं तरी कळ,
रात्री नवऱ्यानं जवळ घेतलं तरी कळ.
आई म्हणायची, बायकांचं असतंच.
सासू म्हणायची, एक लेकरू झालं की मोकळी होशील.
लेकरू होईना.

जिंतुरात इंजेक्शन, दोन दिवसांपुरतं.
परभणीत सोनोग्राफी : नॉर्मल.
कागद उलटून पाहिला, मागं काही लिहिलंय का.
दुसऱ्या दवाखान्यात मान वर न करता :
‘पिशवी काढून टाका, कटकटच नको. सोमवारी या.’
माझं वय बत्तीस.
नणंदेची काढली सत्ताविसाव्या वर्षी,
ऊसतोडीला निघायच्या आधी, उचलीच्या पैशात.
चाळिशीत ती कठडा धरून जिना चढते.
आणि दुखणं? म्हणे, आहेच की.
सोमवारी मी ड्युटी घेतली.

गंमत अशी, की संभाजीनगरच्या गाडीत
‘घाटी दवाखान्याला कुठं उतरायचं?’ म्हणणाऱ्यांना
मीच रोज सांगत होते.
एक दिवस माझी मीच उतरले.

लाइन मोठी. डबा लाइनीतच खाल्ला.
डॉक्टर नाझनीननं विचारलं, ‘कधीपासून दुखतं?’
आणि पेन खाली ठेवलं.
‘नववीपासून.’

पुन्हा सोनोग्राफी, या वेळी आतून.
डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट.
चॉकलेट!
साकळलेल्या रक्ताला हे नाव ज्यानं दिलं
त्यानं ते पोटात वागवलेलं नसणार.
‘एंडोमेट्रिओसिस,’ त्या म्हणाल्या.
‘पिशवीच्या आतल्या अस्तरासारखंच काही बाहेर रुजतं.
महिन्याला तेही रक्त टाकतं,
फक्त त्याला दार नसतं.’
‘गाजरगवतासारखं?’
‘जवळपास.’

मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं.
रोज एक गोळी, ती दाबून ठेवते, उपटत नाही;
मूल हवं असेल तर गोळी नको, रस्ता वेगळा.
इंजेक्शनही आहे, पण फार दिवस नाही, हाडं ठिसूळ होतात.
दुर्बिणीतून गाठ काढता येते, पिशवी जागेवर राहते;
पुन्हा उगवू शकतं, हे आधीच सांगते.
‘आणि पिशवी काढणं?’
‘तोही रस्ता आहे, शेवटचा. पण बाहेरचं तसंच राहिलं
तर दुखणंही राहू शकतं.
तुम्हाला काय हवंय?’

कुठं जायचं, कुठं जायचं, दिवसातून शंभरदा
मी लोकांना विचारते.
मला कुणी विचारलं तर उत्तर येईना.
त्या थांबल्या. बाहेर लाइन थांबली.
‘दुर्बीण,’ म्हणलं. ‘मग लेकराचं बघू.’

पोटावर तीन बारीक व्रण आहेत आता.
दुखणं गेलं का? आठवर होतं, तीनवर आलंय;
डॉक्टर आकड्यात विचारतात.
लेकराचं अजून बघतोय.

परवा अर्ज भरला. ओळ पुरेना,
‘ओसिस’ कालावधीच्या रकान्यात गेलं.
कंठाळेंनी चष्मा पुसून अक्षरं लावली.
‘हे काय असतं?’
‘बसा, सांगते.’
ते बसले नाहीत. शिक्का मारला.

रात्री साडेनऊला त्यांचा फोन.
आधी उद्याच्या ड्युटीचं बोलले. मग गप्प.
मग,
‘बाई, आमची पोरगी अकरावीला आहे.
दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं.
आम्हाला वाटायचं, नाटक करते.
ते... तिथं कधी जायचं असतं?’

‘पहिली गाडी साडेपाचची.
जुने कागद घ्या.
दुखण्याच्या तारखा लिहून न्याव्या लागतात.’
‘लिहितो.’
‘तुम्ही नका,’ म्हणलं. ‘तिला लिहू द्या.’