चोकच होता

उदगीरला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ट्यूब जळूलाली, इजूलाली.
लेथ फिरत असून थांबल्यासारखा दिसायचा,
परवा बोट जाता जाता राहिलं.

आधी स्टार्टर. स्वयंपाकघरातल्याशी अदलाबदल केली,
तर तिथं भाकरी थापायला लख्ख,
इथं तेच डोळे मिचकावणं.
मग पिना पॉलिश पेपरनं घासल्या,
होल्डरात ट्यूब पाव आटा फिरवून पाहिली,
व्होल्टेजला शिव्या दिल्या, थंडीला दिल्या,
वायरमनच्या मेहुण्यालाही एक.

चाँदपाशा आला की मात्र ट्यूब सुतासारखी सरळ,
तपासणीचे साहेब आल्यावर चौथीचा वर्ग बसावा तशी.
तरी मान वर करून म्हणाला,
"चोक गेला की रं. बदलून टाक."
आणला.

रात्री खोकं फोडणार, तेवढ्यात
शिवकांता दोन्ही हातांत कप घेऊन आली,
दार तिनं टाचेनं लोटलं
आणि ट्यूब गेली.
उघडलं, आली.
लोटलं, गेली.
चहावर साय धरली.

बिजागरीमागं न्यूट्रलचा जोड,
टेप सुटलेली,
तांब्याची टोकं एकमेकांना नुसती टेकलेली.
दोन पीळ. दोनच.
आणि उलटे, डाव्या हाताचे.
आमच्या गल्लीत डावखुरा मी एकटाच.

सकाळी चाँदपाशानं सायकलवरूनच विचारलं.
"चोकच होता," म्हणालो.

खोकं अजून फळीवर आहे, न फोडलेलं.
शिवकांता शेडमध्ये आली की
दार उघडते, लावते,
परत उघडते,
आणि वर बघते.