खोकल्याची जागा

लॅमिंग्टन रोड, दुसरा मजला.
छेडांचा पोरगा म्हणतो, हे ऐका मॅडम,
आणि लावतो परदेशी झांजा, खोल बास.
शोकेसची काच थरथरते.
अशा गाण्यावर कुठलाही खोका राजा वाटतो.

मी पर्समधून काढते माझा पेन ड्राइव्ह.
आधी नुसता तानपुरा, लागण्याआधीचा :
जोडाच्या तारा एकमेकींना चाचपडतात
ते कळलं नाही तर उठायचं.
मग डग्ग्याची घीस.
ती तळहातातून यायला हवी, पिंपातून नव्हे.

शेवटचा तुकडा शहाऐंशी सालचा,
पार्ल्यात, नेन्यांच्या दिवाणखान्यात,
टेपरेकॉर्डर गादीआड लपवून घेतलेला.
बाई मारवा गातायत, षड्जाला बगल देत.
"खरखर फार आहे, मॅडम."
असू दे.

उजवीकडे, जरा मागे, खिडकीपाशी
कुणीतरी खोकतं. दाबून, रुमालात.

सव्वादोन लाखांच्या जोडीत तो खोकला मधोमध आला,
जणू बाईच खोकल्या.
दुसरीत आलाच नाही.
तिसरी जोडी कोपऱ्यातली, जाळीला पोचा, वर कुणाचा तरी डबा.
डबा उचलला. लावली.
आधी खिडकी उघडली,
खालून एक रिक्षा गेली,
आणि खोकला आपल्या जागी,
भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन.

पोरगा पहिल्यांदाच आवाज कमी करतो.
कोण आहेत?

घरी सोफा सरकवावा लागेल,
उजवीकडे, जरा मागे,
एका माणसापुरतं.

"डिस्प्लेचा पीस आहे, मॅडम. वॉरंटी नाही मिळणार."
माहीत आहे, मी म्हणते. बिल कर.