नाव कमी करणे

लढाई संपली त्या साली आमच्या कंट्रोलच्या दुकानात
जोंधळा आलाच नाही, मका आला.
रहिमतपूर स्टेशनावर वॅगन उघडली
तेव्हा आधी किडे उतरले, मग हमाल.

वडील माप धरायचे, मी नावं वाचायचो.
नऊ वर्षांचा, घासलेटच्या डब्यावर बसून.
वडिलांना मोडी यायची,
कार्डं छापलेली बाळबोधीत.

"गोजराबाई फडतरे. माणसं पाच."
म्हातारी, सून, दोन नातवंडं
आणि सर्जेराव,
जो इटलीतल्या कुठल्याशा नदीकाठी
एका तारेत बेपत्ता झाला होता.
तार इंग्रजीत. कानिटकर मास्तरांनी अर्थ सांगितला,
तो म्हातारीला पटला नाही.
"बेपत्ता म्हंजी पत्ता न्हाई.
मानूस न्हाई असं कुठं लिवलंय?"

वडिलांनी पाच मापं घातली.

बाकीचे आले एकेक करून,
बुटांसकट, काळ्या घोंगड्यांसकट.
खालच्या आळीचा गेनबा
म्हशीला इटालियनमध्ये हाका मारायचा
आणि म्हैस यायची.
रात्री रानात न्याय करणारी माणसं
दिवसा स्टेशनापाशी चहा पिताना दिसू लागली.
गोजराबाई रांगेत प्रत्येकाला धरायची.
पाहिलास का, असं नाही विचारायची.
विचारायची,
"आमचा लई रोड झालाय का रं?"

सत्तेचाळीसच्या श्रावणात माणशी पाव शेर साखर जादा मिळाली.
झेंड्याचं कापडसुद्धा कुपनावर,
शिंप्यानं हिरवी पट्टी दोन बोटं कमीच लावली.
म्हातारीनं चौघांची साखर एका फडक्यात घेतली
आणि पाचव्याची पदराच्या टोकाला,
वेगळी गाठ मारून.

मग अठ्ठेचाळीसची ती थंडी.
वरच्या आळीतून धूर आला, दोन दिवस राहिला.
पुढच्या शनिवारी मी अकरा कार्डं वाचली,
रांगेतून कुणी पुढं सरकलं नाही.
कानिटकर मास्तरांचं आठवं होतं.
ते मी दोनदा वाचलं.
वडील मापाकडं बघत म्हणाले, "पुढचं."
ती नावं कमी करायला
साताऱ्याहून कुणाला यावं लागलं नाही.

सर्जेरावसाठी मात्र सप्लाय इन्स्पेक्टर आला.
पायाला सायकलच्या क्लिपा, हातात कागद:
मयत इसमाचे नाव कमी करणेबाबत.
वडील म्हणाले, "मयत कुठं लिहिलंय?"
तो हसला. वाईट माणूस नव्हता.
त्यानं तांबडी पेन्सिल माझ्याकडं सरकवली.
"पोराचं अक्षर चांगलं दिसतंय."

त्या शनिवारी म्हातारीनं मापं मोजली.
चार.
वडिलांना काही बोलली नाही. मला म्हणाली,
"पट्टी लावून मारलीस रेघ, का हातानं?"
"हातानं."
"बरं."

सरकारी माप सपाट असतं,
वरून काठी फिरवायची असते.
वडिलांनी तिच्या चार मापांवर
पुढं कधी काठी फिरवली नाही.
वर्षअखेर तूट आली ती
उंदरांच्या नावावर लिहिली, मोडीत.

मग तलाठी आला मतदारांची यादी करायला.
आमच्याच ओट्यावर बसला,
आमच्याच दौतीत टाक बुडवला.
"बाई, नाव?"
"सर्जेरावाची आई."
"असं चालत नाही. तुमचं स्वतःचं."
"ह्येच माझं."
मक्यासाठी दिलेलं नाव
ती मतासाठी देईना.
"नसंल चालत तर ऱ्हाऊ द्या.
मत काय, आज न्हाई तर उद्या.
पर तुमच्या वहीत त्येचं एकदा तरी येऊ द्या."

तलाठ्यानं घाम पुसला, माझ्याकडं वळला.
"तू कार्डं वाचतोस ना रे?
सांग, हिचं नाव काय?"

चार वर्षं दर शनिवारी
भर रांगेत मोठ्यानं वाचलेलं नाव.
मी डब्यावरून उठलो,
म्हातारीकडं बघितलं
आणि म्हणालो,
आठवत नाही.